मोटारीतली डावी सीट

काल सकाळी गल्लीत दशहरी आंब्यांचा पहिला ठेला आला. "मलिहाबाद की है, माताजी, पेड़ की पकी," असं भैया ओरडला आणि मी दरवर्षीप्रमाणे त्याच्याशी भांडले. म्हणे पेड़ की पकी! जून आत्ता कुठे लागतोय, झाडावर पिकलेला आंबा आमच्या अलीगंजात ह्याला कोण आणून देणार? अढीतला असतो. त्याला माहीत असतं, मलाही माहीत असतं. तरी तो तसं म्हणतो आणि मी तरी दोन किलो घेते. घरात येऊन बादलीत पाणी भरलं, आंबे त्यात सोडले, आणि जरा वेळाने वास सुटला. त्या वासाबरोबर मला पेट्रोलचा वास आला. खरंच सांगते. घरात पेट्रोलचा थेंब नाही, गॅरेजात वर्षभर गाडी नाही, तरी आला. मी पदराने नाक पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत आम्ही मोटार विकली.

मोटार म्हणजे साधी नव्हे. इंग्लंडात बनलेली, दोनच सीटांची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. दार इतकं खाली कापलेलं की बसल्यावर हात सोडला तर बोटं रस्त्याला लागतील. ती आम्हाला मिळाली मलिहाबादेत, तीही आंबे घ्यायला गेलो असताना. आमचे हे तेव्हा रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते, ब्रेकच्या विभागात. आम्ही मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि दर मोसमात एका ओळखीच्या बागवाल्या चाचांकडून दोन पेट्या आणायचो. त्या वर्षी पेट्या मोजून होईपर्यंत हे शेडमागे गेले ते परत येईनात. मी बघायला गेले तर हे पत्र्याच्या छपराखाली गुडघ्यांवर बसलेले, आणि समोर गंजलेली मोटार. टायर नाहीत, काच नाही, आणि चालवणाऱ्याच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. "अब्बा चलाते थे," चाचा म्हणाले, "अब मुर्गी चलाती है." मी हसले. हे हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

त्या दिवशी आम्ही एकच पेटी आंबे घेऊन परतलो, दुसरीचे पैसे मोटारीच्या विसारात गेले. पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मोटार आली. कोंबडी चाचांनी ठेवून घेतली.

पुढची बारा वर्षं काय सांगू? लोकांच्या घरी दिवाळीला रंग लावतात, आमच्याकडे गंज खरवडत. माझ्या पोळीच्या तव्याशेजारी पिस्टन वाळायचे. गौरी, आमची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. ती मैत्रिणींना सांगायची, "हमारे घर में ड्रॉइंग रूम नहीं है, वर्कशॉप है." इंजिनाचे सगळे नट इंची मापाचे, आपल्याकडचे पाने बसत नाहीत म्हणून हे दर रविवारी नखासच्या जुन्या बाजारात जाऊन गंजलेले इंची पाने शोधायचे. तिथे पाना मिळाला की घरी येताना ह्यांच्या अंगात वेगळीच हुशारी असायची. नाही मिळाला की जेवताना अवाक्षर नाही.

मी भांडले, पुष्कळ भांडले. सुरुवातीची दोन वर्षं मी त्या मोटारीला हात लावला नाही. मग एक दिवस सीटच्या कव्हरासाठी हे कुठल्या तरी शिंप्याला रेक्झिन देऊन आले आणि त्याने जे काही शिवून दिलं ते पाहून माझं डोकंच फिरलं. शिवण तिरकी, टाका कुठे मोठा कुठे बारीक. मी सांगलीची, आईच्या हाताखाली शिवणकाम शिकलेली. म्हटलं, आणा इकडे. ते टाकून दिलं, नवं रेक्झिन आणि जाड सुई आणली, आणि पायाच्या मशीनवर तीन महिने दुपारच्या दुपारी बसून दोन्ही सीटा शिवल्या. रेक्झिनला सुई एकदा टोचली की भोक कायमचं राहतं, चुकलं तर उसवून उपयोग नाही. त्यामुळे मी श्वास धरून शिवायची. पहिली सीट झाली तेव्हा ह्यांनी तिच्यावर नुसता तळहात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं झालंय." एवढंच. आमच्याकडे कौतुकाचं माप तेवढंच आहे. पण त्या दिवसापासून मोटार दोघांची झाली.

रंगाची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण तसला वेडेपणा आमच्याशिवाय कोणी केला नसता. ह्यांना गाडीला मूळचा होता तसा गडद इंग्रजी हिरवा हवा होता. मी म्हटलं, ती मलिहाबादेत वाढलेली आहे, तिला कैरीचा हिरवा द्या. वाद चार दिवस चालला. शेवटी ह्यांनी कधी नव्हे ते माझं ऐकलं. मी चाचांच्या बागेतली एक सुंदर कच्ची दशहरी निवडली आणि आलमबागच्या रंगवाल्या मिस्त्रीकडे नेऊन दिली, हुबेहूब असा रंग करा म्हणून. मिस्त्री फार मन लावून काम करणारा. त्याने तीन दिवस रंग मिसळला, पत्र्याच्या तुकड्यांवर लावून पाहिला, कैरीशेजारी धरून पाहिला. आता मेचा उकाडा, पत्र्याची शेड, त्यात ती कैरी तीन दिवस पडलेली. ती पिकायला लागली! मिस्त्री बिचारा रोज तिच्याशी रंग जुळवत गेला आणि रोज रंगात पिवळा वाढवत गेला. आम्ही गेलो तोवर मोटार रंगवून झालेली. इंग्रजी नाही, कैरीही नाही, देठाशी पिवळसर व्हायला लागलेल्या आंब्याचा तो हिरवा. एक इंजिनिअर, एक मिस्त्री आणि एक मी, कुणाच्याही डोक्यात आलं नाही की कैरी म्हणजे रंगाचं कार्ड नव्हे. हे पाच मिनिटं गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "राहू दे."

राहू दिला. पुढे हजरतगंजात लोक थांबून विचारायचे, साहब, ये कौन सा कलर है? हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, दशहरी.

मोटार चालू झाली ती हे रिटायर होऊन आम्ही अलीगंजच्या ह्या घरात आल्यावर. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही निघायचो. मी डावीकडे, डोक्याला रुमाल बांधून. ह्यांनी पहिल्याच दिवशी नियम घातला. रेल्वेच्या इंजिनात चालक आणि त्याचा सहायक, दोघांनी सिग्नल मोठ्याने पुकारायचा असतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, म्हणजे कुणाचं लक्ष नाही असं होत नाही. जन्मभर ब्रेकचं काम केलेला माणूस, तो काय मोटार अशीच चालवणार? त्यामुळे प्रत्येक चौकात हे म्हणायचे, "लाल." मी म्हणायची, "लाल." मग "हिरवा." "हिरवा." वरून टप उघडा, सगळ्या जगाला ऐकू जायचं. शेजारचे स्कूटरवाले बघून हसायचे. मला पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर सवय झाली, नंतर आवडायला लागलं. घरात आम्ही दिवसभरात वीस वाक्यं बोलत असू. मोटारीत तेवढी एका फेरीत व्हायची, आणि प्रत्येकाला उत्तर असायचं.

मोसमात थेट मलिहाबाद. दोन्ही बाजूंनी बागा लागल्या की हे वेग कमी करायचे. झाडाखाली खाटा टाकून राखणदार झोपलेले, मधेच कुणी गोफणीने पोपट हाकलणारा, रस्त्याच्या कडेला पेट्या ठोकण्याचा टकटक आवाज. येताना माझ्या पायाशी एक पेटी असायची, मांडीवर एक. अलीगंजात शिरेपर्यंत माझे पाय बधिर व्हायचे. कुरकुर करायची मी, पण पुढच्या रविवारी सहाच्या आधी माझाच रुमाल बांधून तयार असायचा.

मग गुडघे गेले. जिना चढताना रडू यायचं. दोन वर्षं टाळलं आणि मग मोटार विकली त्याआधीच्या थंडीत दोन्ही बदलून घेतले. ऑपरेशन उत्तम झालं, चालते, जिना चढते, देवासमोर खुर्ची ठेवून बसते. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, खाली बसायचं नाही. पाट नाही, वेताचा बसका मोढा नाही, बुटकी सीट नाही. डॉक्टरांच्या खोलीत त्या वेळी हेही होते. "बुटकी सीट" ऐकताना मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत होते.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "मोटार विकावी म्हणतो."

मी कप खाली ठेवला. "का?"

"वय झालं. क्लच जड आहे. पार्ट मिळत नाहीत. गॅरेजचं छत पण गळतं."

एक कारण असलं की माणूस खरं बोलत असतो. चार कारणं दिली की समजावं, पाचवं लपवलंय. मी गौरीला बंगळुरूला फोन लावला. ती मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. "आई, अच्छा ही है ना," ती म्हणाली. "पापा भी कब तक करेंगे? आप लोग अब आराम करो." आराम! मला आराम नको होता. मला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती आज सरळ लिहून टाकते. माझ्या गुडघ्यांनी ह्यांची मोटार खाल्ली, हे ह्यांच्या मनात राहील, आणि हे ते कधी बोलणार नाहीत. हा माणूस बोलून टाकणारा नाही. मनातलं मनात ठेवतो, त्यावर झाकण लावतो, आणि आपण वर्षानुवर्षं त्या झाकणाकडे बघत बसायचं. बढती हुकली तेव्हा असंच, सासूबाई गेल्या तेव्हा असंच. मला उरलेलं आयुष्य तसल्या झाकणाशेजारी काढायचं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, बसून दाखवायचं. एकदा मला बसता आलं, उठता आलं, की ह्यांचं पाचवं कारण संपलं.

मेचा मध्य. बाहेर लू अशी की दार उघडलं तर तोंडावर भाजल्यासारखं व्हावं. हे दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, दुपारचे बारा-साडेबारा. मी गॅरेजमध्ये गेले, शटर अर्धं ओढून घेतलं, मोटारीवरची चादर काढली. डावं दार उघडलं, एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने काचेची चौकट, आणि अंग दिलं सोडून. धप्प! बसले. काही मोडलं नाही, काही दुखलं नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू! सीटच्या कडेवरून बोट फिरवलं, माझाच टाका, सरळच्या सरळ. चार महिन्यांनी मी माझ्या जागेवर बसले होते. बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग उठायला गेले.

पाय समोर लांब पसरलेले. गुडघे हवे तेवढे वाकेनात. पायाखाली जमीन नाही, मोटारीच्या तळाच्या लाकडी फळ्या आहेत, त्याही उताराच्या. दार धरून ओढून बघितलं तर दारच हलायला लागलं, ते निखळेल म्हणून सोडलं. काचेची चौकट धरायला गेले तर ती हातात येईना. एका कुशीवर वळून बघितलं, अर्ध्यात अडकले, परत धप्प. फोन स्वयंपाकघरात. हॉर्न वाजवावा तर उन्हाळ्यात हे बॅटरीची तार काढून ठेवतात. ओरडले, "कोई है?" शेजारी कूलर घरघरतोय, त्यांना काय ऐकू येणार. मग ओरडणं बंद केलं. घामाने पाठ रेक्झिनला चिकटली. सव्वा तास मी तिथे बसले होते, आणि त्या सव्वा तासात मला जे समजायचं ते समजलं. हट्टाने गुडघा वाकत नाही.

शटर वर झालं. हे उन्हातून आलेले, गालात कापूस, एक बाजू बधिर. मला बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, मला पाणी पाजलं, आणि मोटारीच्या दाराशी जमिनीवर फतकल मारून बसले. आता आमची डोकी एका उंचीवर आली.

"विकायची नाही," मी म्हणाले.

"बरं."

"बरं काय? माझ्यामुळे विकताय तुम्ही. क्लच आणि छत मला सांगू नका."

ह्यांनी गालातला कापूस सरकवला. मग कापसातून बोलल्यासारखे म्हणाले, "हो. तुझ्यामुळेच विकतोय. मग काय खोटं बोलू?"

खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं आणि नकोही होतं. पण मग हे बोलायला लागले. मार्चमध्ये, मी व्यायामाच्या बाईंकडे गेले असताना, ह्यांनी मोटार एकट्याने बाहेर काढली होती. मला सांगितलं होतं पेट्रोल भरायला गेलो. "मलिहाबादच्या वाटेवर दुबग्ग्यापर्यंत जाणार होतो," ते म्हणाले. "तुझ्या सीटवर पिशवी ठेवली होती. पहिल्या चौकात लाल होता. मी म्हणालो, लाल. थांबलो. मग हिरवा झाला. मी म्हणालो, हिरवा. आणि तसाच थांबून राहिलो, शैला. मागून सगळे हॉर्न मारायला लागले तरी माझा पाय क्लचवरून निघेना. दुसऱ्यांदा कुणी म्हटल्याशिवाय जायचंच नाही, असं झालं होतं. शेवटी एक पोलीस आला, म्हणाला, साहब, तबीयत ठीक है? तिथूनच वळवून घरी आणली."

मी हातात तांब्या धरून बसले.

"मी ती एकट्यासाठी केली नव्हती," हे म्हणाले. "उभी ठेवून गंजू द्यायची नाही मला. एकदा गंजलेली बघितली आहे."

मग मला बाहेर काढायचा कार्यक्रम झाला. त्याचं मला आजही हसू येतं आणि आजही डोळ्यांत पाणी येतं. हे उठले आणि एकदम पूर्वीसारखे साहेब झाले. "डबा रुळावरून उतरला की एकदम उचलत नाहीत," म्हणाले. "थोडा उचलायचा, खाली पॅकिंग घालायचं, परत थोडा उचलायचा." घरातल्या सगळ्या गाद्या-उशा आणल्या. मी दोन्ही हातांवर जोर देऊन दोन बोटं वर, की हे खाली उशी सरकवणार. परत दोन बोटं, परत उशी. चौथ्या उशीला मी दारापेक्षा उंच झाले. तेव्हा मला पाय बाहेर टाकता आले आणि ह्यांच्या खांद्याला धरून मी उभी राहिले. ह्यांचा सदरा ओला, माझं पातळ ओलं. दोघंही धापा टाकत गॅरेजात उभे. दोघांची मिळून एकशे अडतीस वर्षं वयं, आणि ही अवस्था!

विकायचं तेव्हा नक्की झालं.

बघायला बरेच आले. एक जण लग्नांसाठी भाड्याने देणार होता, नवरा-नवरीला बसवून, फुलं लावून. ह्यांनी त्याला चहाही विचारला नाही. एकाला रंग बदलून लाल करायचा होता. एकाने बॉनेट उघडल्या उघडल्या फोनवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मी खिडकीतून बघत असायची. जूनची पहिली दशहरी आली तोवर कुणी पसंत पडलं नव्हतं. मला आतून बरंच वाटत होतं, हेही कबूल करते.

मग एक दिवस कानपूरहून फरहा आली. पस्तिशीची असेल, एकटीच आली, वडिलांचा चामड्याचा कारखाना चालवते. बाकीचे सगळे आधी इंजिनाकडे धावायचे. ही दाराशी वाकली आणि सीटच्या कडेवरून अंगठा फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि विचारलं, "यह सिलाई किसने की है?"

हे म्हणाले, "इन्होंने."

ती माझ्याकडे वळली. "आंटी, आपने? घर की मशीन पर?" परत वाकली, परत बघितलं. "मेरे यहाँ बीस-बीस साल पुराने कारीगर हैं, कोने पर आकर उनका टाँका भी काँपता है. आपका नहीं काँपा." मग खाली फळी ठोकून बघितली. ह्यांनी सांगितलं की ती आंब्याच्या लाकडाची आहे, तीन वर्षांत कीड लागली म्हणून एकदा सगळी बदलली, सागवान घ्यायला हवा होता. "नहीं, ठीक है," ती म्हणाली. "आम की ही रहेगी." इंजिन तिने शेवटी पाहिलं, तेही ह्यांना चालू करायला सांगून, डोळे मिटून नुसतं ऐकलं. हे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

पुढच्या शनिवारी ती गाडी न्यायला आली. सोबत उघडा ट्रक होता. दशहरी ऐन भरात होती. मी तिला सकाळीच भिजवलेले आंबे दिले, चोखून खायला, आणि तिने संकोच न करता चार खाल्ले. कागद झाले. ह्यांनी बारा वर्षांची वही तिला दिली, कुठला नट कधी बदलला ते सगळं त्यात. मी सीटांचं उरलेलं रेक्झिन दिलं, गुंडाळून, वर जाड सुई टोचून. ती म्हणाली, "आंटी, एक बार बैठेंगी? हम लोग उठा लेंगे." मी नाही म्हणाले. माझं बसून झालं होतं.

मोटार ट्रकवर ह्यांनीच चढवली. उतरून आले, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, "तू दे." मी फरहाच्या हातात किल्ली दिली. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मला वाटलं होतं तसं मी रडले नाही. ट्रक कोपऱ्यावरून वळला. आम्ही आत आलो. हे आंघोळीला गेले, तेही दुपारी बाराला, दुसऱ्यांदा. मी आंब्याच्या कोयी गोळा केल्या. दिवसभर हे पेपर वाचत होते आणि पान उलटत नव्हते. संध्याकाळी मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "कुठे काय?"

लागलं झाकण, मी मनात म्हणाले.

आता गॅरेजात माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत, हिवाळ्यात कूलर असतो, गौरीची जुनी सायकल आहे. जमिनीवर तेलाचा डाग आहे, तो कशानेही जात नाही, आणि मी घासतही नाही. फरहा अधूनमधून फोटो पाठवते. ह्यांनी ते मोठे करून बघायचे, मग फोन माझ्याकडे द्यायचा. काल आंबे आले तेव्हा म्हणाले, "तिला एक पेटी पाठवू या का?" मी म्हटलं, पाठवू.

पण त्या पहिल्या रविवारचं सांगायचं राहिलं. मोटार गेली शनिवारी. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर हे चपला घालून दारात उभे. "चल," म्हणाले. "सहा वाजलेत." नाक्यावर ई-रिक्षा उभी होती. तिची सीट उंच, पकडायला दांडी, मी आरामात चढले. हे माझ्या उजवीकडे बसले, आणि बसल्यावर त्यांना हातांचं काय करावं ते समजेना. गुडघ्यांवर ठेवले, मग छातीशी बांधले, मग परत गुडघ्यांवर. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून फिरलो, पण ह्यांचे हात कायम कामात. रिक्षा निघाली. गोमतीकडून जरासा गार वारा येत होता. वाटेत कुठे खड्डा आला, कुणी आडवं आलं, की ह्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबला जायचा. रिक्षावाल्या भैयाच्या आधी ह्यांचा ब्रेक. मला ते बघवेना. मी रस्त्याकडे बघत राहिले.

पुलाच्या अलीकडे एक गाय रस्त्यात बसली होती. रिक्षा थांबली. भैया खाली उतरून तिला उठवायला गेला. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं, दूधवाले, सगळा गजबजाट. आणि ह्यांनी माझा हात धरला. अडतीस वर्षांच्या संसारात भर रस्त्यात पहिल्यांदा.

"फार वाईट वाटतंय, शैला," ते म्हणाले. "विकायला नको होती असं वाटतंय. विकायला हवीच होती, तरी वाटतंय."

मी आयुष्यात ह्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. आणि मग मला रडू आलं, तिथे, लोकांसमोर, मोठ्याने. दु:ख होतंच, पण हे मला सांगत होते, मलाच, माझा हात धरून. ज्या गोष्टीला मी महिनाभर घाबरत होते ती ह्यांनी उचलून माझ्या हातात दिली होती, आणि ती धरता येत होती.

"मलाही," मी म्हणाले. "खूप."

गाय उठली. भैया परत येऊन बसला, त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली.